थेंब टाकण्याआधी

गोड्या मसाल्याच्या सामानात धणे, खोबरे, तीळ आणि खसखस यांच्या जोडीला दगडफुलाची छोटी पुडी ठरलेली असते. वरून करडे, खालून काळे, पातळ आणि सुरकुतलेले हे तुकडे तेलात परतले की त्यांचा गंध खुलतो. मात्र ते फूल नाही आणि रूढ अर्थाने वनस्पतीही नाही. ते शैवाक आहे, म्हणजे कवक आणि शैवल यांनी मिळून थाटलेला संसार. शैवल उन्हावर साखर तयार करते. कवक त्याला आसरा देते, ओल धरून ठेवते आणि साखरेतला आपला वाटा घेते. जगात शैवाकांच्या सुमारे 20,000 जाती नोंदल्या गेल्या आहेत, भारतात 2,500 हून अधिक. बाजारातल्या पुडीत ‘दगडफूल’ या एकाच नावाखाली त्यांपैकी अनेक जाती एकत्र आलेल्या असतात, कारण गोळा करणारा झाडावरून किंवा खडकावरून हाताला येईल ते खरवडून आणतो. मग कोणता तुकडा कोणत्या जातीचा हे ठरवायचे कसे? याचे एक उत्तर ऐकायला फार आकर्षक आहे: तुकड्यावर रसायनाचा थेंब टाकायचा, रंग पाहायचा, की नाव हाती आले. हे उत्तर अर्धेच खरे आहे. नुसत्या थेंबाला काही अर्थ नसतो. भिंगातून केलेल्या निरीक्षणाने आधी नेमका प्रश्न तयार केला असेल, तरच त्या रंगातून उत्तर मिळते. शैवाकांची ओळख ही जादूची कांडी नसून पुराव्यांची तपासणी आहे, आणि त्या तपासणीत क्रमाला फार महत्त्व आहे.

सुरुवात रूपापासून होते. काही शैवाके खडकाला किंवा सालीला पुटासारखी इतकी चिकटलेली असतात, की सुरीनेही अखंड निघत नाहीत. काही पानांसारखी पसरतात आणि कडेने उचलता येतात. काही झुडपासारखी उभी राहतात किंवा फांद्यांवरून दाढीसारखी लोंबतात. मसाल्यातले दगडफूल बहुतांशी दुसऱ्या गटातले, आणि त्यातही बरेचसे पार्मोट्रेमा या कुळीचे. रुंद गोलसर पाळ्या, काळी खालची बाजू, त्या बाजूला मध्यभागी मुळांसारखे आखूड धागे आणि कडेला धागे नसलेला तपकिरी पट्टा, एवढे दिसले की आपण या कुळीपर्यंत पोचतो. पुढचे दोन प्रश्न दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगाने सुटतात. पहिला, पाळीच्या कडेला पापण्यांसारखे काळे केस आहेत का? दुसरा, हे शैवाक स्वतःचा प्रसार कसा करते? काहींच्या पृष्ठभागावर किंवा कडांवर पिठासारखी भुकटी जमते. तिच्या प्रत्येक कणात कवकाचे धागे आणि शैवलाच्या पेशी एकत्र असतात. तिला सोरेडिया म्हणतात. काहींवर बोटांसारखे बारीक उंचवटे येतात आणि तुटून पडल्यावर नवीन जागी रुजतात, ते इसिडिया. या खुणांवर अभ्यासकांचा भर असतो, कारण त्या त्या जातीच्या घडणीचा भाग असतात. रंगावर मात्र तसे विसंबता येत नाही. पावसात भिजलेले करडे शैवाक हिरवट दिसते, कारण ओल्या सालीतून आतले शैवल दिसू लागते. उन्हात भडक पिवळे-केशरी असलेले झँथोरिया परिएटिना सावलीत वाढले तर करडे-हिरवे राहते. आकारमान, वय आणि जागा यांनीही डोळ्याची फसगत होते.

पण रूप एका टप्प्यावर हात टेकते. पार्मोट्रेमा ऑस्ट्रोसिनेन्से आणि पार्मोट्रेमा प्रीसोरेडिओसम या भारतात आढळणाऱ्या दोन जाती पाहा. दोन्ही करड्या, दोन्हींच्या कडांना केस नाहीत, दोन्हींच्या कडांवर भुकटी. सरावलेला अभ्यासकही त्यांच्याबाबत चुकू शकतो. इथे कामाला येते ती शैवाकांची एक विलक्षण सवय. त्यांच्यातले कवक शैवलाकडून मिळालेल्या कर्बापासून अशी रसायने बनवते, जी निसर्गात इतरत्र क्वचितच सापडतात. अशी हजाराच्या आसपास रसायने आज माहीत आहेत. ती कवकाच्या धाग्यांवर बाहेरून स्फटिकांच्या रूपात साचतात, त्यामुळे वाळलेल्या नमुन्यातही वर्षानुवर्षे टिकतात. काही तीव्र उन्हापासून आतल्या शैवलाला वाचवतात, काही चरणाऱ्या कीटक-गोगलगाईंना दूर ठेवतात. या रसायनांचा ओळखीसाठी उपयोग होईल हे 1866 साली विल्यम नायलँडर या पॅरिसमध्ये राहणाऱ्या फिनिश अभ्यासकाने दाखवून दिले. कॉस्टिक पोटॅश आणि ब्लीचिंग पावडरीचे द्रावण त्याने शैवाकांवर थेंबाथेंबाने वापरले आणि दिसायला सारख्या जाती रंगाने वेगळ्या केल्या. पुढच्याच वर्षी स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडनर याने शैवाक हा दुहेरी जीव असल्याचे मांडले, तेव्हा नायलँडरने त्याला कडाडून विरोध केला. आपण काय तपासत आहोत याची मूळ कल्पनाच चुकीची असूनही त्याची पद्धत टिकली, कारण तिचा निकाल कोणालाही पुन्हा पडताळता येत होता.

आज चाचण्यांचा संच आटोपशीर आहे. ‘के’ म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे साधारण दहा टक्क्यांचे द्रावण. त्याने अट्रानोरिन असलेली साल पिवळी होते, सॅलाझिनिक आम्ल आधी पिवळे आणि मग रक्तासारखे लाल होते, तर झँथोरियातला परिएटिन हा केशरी रंग क्षणात जांभळट लाल होतो. ‘सी’ म्हणजे कपडे शुभ्र करणारे साधे ब्लीच. लेकॅनोरिक आणि जायरोफोरिक आम्लांसारख्या फिनॉल गटातल्या पदार्थांना ते लाल किंवा गुलाबी करते. याच घराण्यातल्या पदार्थांवर अमोनिया आणि हवेची प्रक्रिया करून जांभळे रंग बनवले जात. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमसही मूळचा रोसेला आणि तत्सम शैवाकांचा. काही आम्लांमध्ये ब्लीचला प्रतिसाद देणारा भाग रासायनिक बंधात अडकलेला असतो. तिथे आधी ‘के’ टाकून तो बंध तोडायचा आणि लगेच ‘सी’ टाकायचे, ही झाली ‘के-सी’ चाचणी. चौथे रसायन पॅराफेनिलीनडायमीन, थोडक्यात ‘पी’. जपानी रसायनशास्त्रज्ञ यासुहिको असाहिना यांनी 1934 साली ते या कामात आणले. रेणूत अल्डिहाइड गट असेल तर ते त्याला जोडले जाऊन पिवळा, केशरी किंवा विटकरी लाल रंग देते. म्हणजे प्रत्येक थेंब रेणूच्या एखाद्या विशिष्ट भागाला हात घालतो. पदार्थाचे पूर्ण नाव तो सांगत नाही. तो भाग आहे की नाही, एवढेच सांगतो. ही मर्यादा समजली की चाचणीचे खरे सामर्थ्यही समजते.

आता मघाची जोडी पुन्हा घ्या. पाळीवरची साल पात्याने हलकेच खरवडून पांढरा गाभा उघडा केला आणि त्यावर ‘सी’चा थेंब टाकला, की ऑस्ट्रोसिनेन्सेचा गाभा लेकॅनोरिक आम्लामुळे लाल होतो, प्रीसोरेडिओसममध्ये मेदाम्ले असल्याने तो पांढराच राहतो. कडेला भुकटीऐवजी पृष्ठभागावर इसिडिया असतील, केस नसतील आणि गाभा ‘सी’ने लाल होत असेल, तर पश्चिम घाटात मुबलक असलेले पार्मोट्रेमा टिंक्टोरम समोर येते. इसिडिया आहेत पण काळे केसही आहेत, ‘सी’ला गाभा गप्प आहे, ‘के’ने पिवळा आणि ‘पी’ने केशरी होतो, तर ते पार्मोट्रेमा क्रिनिटम. केस तेच, रासायनिक प्रतिसाद तोच, पण इसिडियाऐवजी भुकटी, तर ते पार्मोट्रेमा पर्लाटम, ज्याचे नाव मसाल्यातल्या दगडफुलाला सर्रास दिले जाते. भुकटी आहे, पृष्ठभागावर पांढऱ्या बारीक भेगांची जाळी आहे आणि ‘के’ने गाभा पिवळ्यावरून लालभडक होतो, तर ते पार्मोट्रेमा रेटिक्युलाटम. या मांडणीत एकही खूण एकटी उभी नाही. क्रिनिटम आणि पर्लाटम यांना रसायन वेगळे करू शकत नाही, तिथे रूपच निर्णायक ठरते. ऑस्ट्रोसिनेन्से आणि प्रीसोरेडिओसम यांना रूप वेगळे करू शकत नाही, तिथे रसायन निर्णय देते. आणि या दोन जातींपैकी एकीच्या बाबतीत तो निर्णय रंग न बदलण्यातून येतो. ‘काहीच झाले नाही’ हा वाया गेलेला प्रयोग नव्हे. रंगाइतकाच तोही पुरावा आहे.

क्रम उलटा केला तर काय होते, हे त्याच मसाल्याच्या पुडीतून दिसते. पुडीत अनेकदा हायपोट्रॅकिना सिऱ्हाटाचे तुकडेही असतात. पूर्वी ते एव्हर्नियास्ट्रम या नावाखाली मोडत. त्याच्या गाभ्यातही सॅलाझिनिक आम्ल असते, म्हणून ‘के’ टाकल्यावर रेटिक्युलाटमसारखाच पिवळ्यावरून लाल रंग येतो. फक्त रंगावर जाणारा माणूस दोन्हींना एकच नाव देईल. भिंगाने पाहणाऱ्याला मात्र एकाच्या पाळ्या रुंद आणि गोल दिसतील, दुसऱ्याच्या अरुंद, पट्ट्यांसारख्या आणि खालून पन्हळीसारख्या वळलेल्या. ‘सी’ने येणारा लाल रंगही टिंक्टोरमची मक्तेदारी नाही, खडकावर वाढणाऱ्या अंबिलिकारियापासून समुद्रकाठच्या रोसेलापर्यंत अनेक असंबद्ध शैवाके तो दाखवतात. एकच पदार्थ अनेक कुळांत, आणि एकच रंग अनेक पदार्थांतून, अशी ही दुहेरी गुंतागुंत आहे. वीस हजार शक्यतांपुढे एक थेंब निरुपयोगी असतो. रूपाने शक्यता दोन-तीनवर आणून ठेवल्या, तरच तो कामाचा. एक सवलत मात्र रसायनाला द्यायला हवी. मसाल्यातला तुकडा अनेकदा कडा झडलेला, चुरा झालेला असतो. केस आणि भुकटी गळून गेलेली असतात. अशा वेळी गाभ्यातले स्फटिक मागे उरतात आणि निदान काही शक्यता तरी वगळता येतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो अचूकतेचा. डोळ्यांनी पाहिलेला रंग म्हणजे व्यक्तिनिष्ठ मत नव्हे का? धोका खरा आहे, पण तो चाचणीच्या शिस्तीत सामावून घेता येतो. अट्रानोरिन बहुधा सालीत असते आणि लेकॅनोरिक आम्ल गाभ्यात. साल न खरवडता थेंब टाकला तर एका थराचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर जमा होते. म्हणून नोंदीत नुसते ‘लाल’ न लिहिता ‘गाभा, सी, लाल’ असे लिहितात. ब्लीच जुने झाले की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि खरोखर लाल होणारा नमुनाही पांढरा राहतो. म्हणून आधी ओळखीच्या नमुन्यावर द्रावणाची परीक्षा घ्यायची. जायरोफोरिक आम्लाचा गुलाबी रंग काही सेकंदांत विरतो, तेव्हा थेंब पडण्याआधीच डोळा भिंगाला लागलेला हवा. ‘पी’ तर विषारी आहे. केस काळे करणाऱ्या कलपात हेच रसायन असते आणि अनेकांना त्याची तीव्र ॲलर्जी होते, त्यामुळे ते उघड्या हातांनी किंवा घरच्या टेबलावर हाताळण्याची वस्तू नव्हे. आणि कोणताही थेंब जिवंत शैवाकावर जागच्या जागी टाकायचा नसतो. नखाएवढा तुकडा काढून त्यावरच तपासणी करायची. इतके करूनही शंका राहिली तर पातळ थरावरील वर्णलेखन आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत चिचिता कल्बर्सन यांनी शैवाकांसाठी त्याची पद्धत पक्की बसवली. त्यात पदार्थ एकमेकांपासून वेगळे होतात आणि रंगामागचा रेणू कोणता ते कळते. थेंबाने सुरू झालेली शंका तिथे तपासून घेता येते, हेच थेंबाच्या विश्वासार्हतेचे कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रसायन वेगळे म्हणून जात वेगळी, हे कशावरून? इथे शैवाकशास्त्राने स्वतःचीच चूक अनेकदा दुरुस्त केली आहे. युरोपातल्या डोंगराळ जंगलांत झाडांवर वाढणारे सुडेव्हर्निया फरफुरासिया हे त्याचे उदाहरण. त्याच्या काही नमुन्यांत फिसोडिक आम्ल असते आणि काहींत ऑलिव्हेटोरिक. दुसऱ्या प्रकारचा गाभा ‘सी’ने लाल होतो, पहिल्याचा होत नाही. एवढ्या भेदावर एके काळी दोन जाती मानल्या गेल्या. पण दोन्ही प्रकार एकाच रानात शेजारी-शेजारी वाढतात आणि जनुकीय तपासणीतही ते वेगळे पडत नाहीत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातली ब्रायोरियाची गोष्ट याहून चकित करणारी. तपकिरी ब्रायोरिया फ्रेमोंटाय तिथले आदिवासी जमिनीतल्या भट्टीत शिजवून खात आले आहेत; पिवळसर ब्रायोरिया टॉर्टुओसामध्ये व्हल्पिनिक आम्ल हे विष असते. दोघांतले मुख्य कवक मात्र जनुकीय दृष्ट्या एकच निघाले. 2016 साली टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की विषारी नमुन्यांच्या सालीत किण्वासारख्या एका वेगळ्याच कवकाचे प्रमाण जास्त असते. शैवाकाला दिलेले नाव औपचारिक दृष्ट्या मुख्य कवकाचे असते, त्यामुळे नावाच्या हिशेबात ही एकच जात ठरते. खाणाऱ्याच्या हिशेबात मात्र तो जीवनमरणाचा फरक आहे. यातून चाचणी निरर्थक ठरत नाही. एकच रासायनिक फरक जात ठरवायला पुरेसा नसतो, एवढे यातून सिद्ध होते, आणि तोच या लेखाचा मुद्दा आहे. रासायनिक भेदाला रूपाचा किंवा वंशाचा स्वतंत्र दुजोरा मिळाला, तर तो जातिभेद. न मिळाला, तर तो एकाच जातीतला प्रकार.

मग तिसरा प्रश्न अटळ आहे. डीएनए वाचता येत असताना भिंग आणि ब्लीच हवेच कशाला? डीएनएने किती मोठे अज्ञान उघडे पाडले हे मान्यच करायला हवे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले कोरा नावाचे शैवाक दीर्घकाळ जवळजवळ एकच जात समजले जाई. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातून 126 जाती वेगळ्या झाल्या. कोरामध्ये रंग देणारी रसायने नसल्याने तिथे थेंब काहीच सांगू शकत नाही. तरीही डीएनएचा क्रम स्वतःहून नाव सांगत नाही. तो ज्याच्याशी ताडून पाहायचा तो संदर्भाचा नमुना कोणीतरी आधी रूप आणि रसायन पाहून ओळखलेला, लेबल लावून संग्रहालयात जपलेला असावा लागतो. भारतात हे काम लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. लखनौत धरणीधर अवस्थी आणि पुण्यात पी. जी. पटवर्धन यांच्यासारख्या अभ्यासकांनी देशातल्या शैवाकांची पायाभूत वर्णने केली. चुकीच्या नावाच्या नमुन्यावरून घेतलेला डीएनए ती चूक अधिक अधिकाराने पसरवतो, इतकेच. शिवाय कोरात डीएनएने 126 जाती दाखवल्यावर अभ्यासक पुन्हा भिंगाकडे वळले आणि आधी दुर्लक्षिलेल्या बारीक रूपभेदांचा त्यांना अर्थ लागला. नवे साधन जुन्याला हटवत नाही. जुन्या साधनाने कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा, हे ते सांगते.

एवढी काटेकोर ओळख कशासाठी, याचे उत्तर हवेत आहे. शैवाकांना मुळे नसतात. पाणी आणि क्षार ती थेट पाऊस, दव आणि हवेतून घेतात, आणि त्यांच्याबरोबर प्रदूषणही. ज्या वर्षी नायलँडरने थेंबांची पद्धत मांडली त्याच 1866 साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांवरून शहराच्या हवेचा अंदाज घेता येतो, हेही त्याने लिहिले होते. 1970 साली डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोझ यांनी इंग्लंड व वेल्ससाठी झाडांवरच्या शैवाकांवरून सल्फर डायऑक्साइड मोजण्याची शून्य ते दहा अशी पट्टी तयार केली. त्या पट्टीच्या खालच्या टोकाला लेकानोरा कोनिझेऑइडिस हे करडे-हिरवे पुट होते, जे गंधकाने माखलेल्या औद्योगिक शहरांत फोफावले आणि हवा सुधारू लागल्यावर झपाट्याने घटले. तिथल्या झाडांवर तशीच इतर भुरभुरीत पुटेही असतात. लेकानोरा कोनिझेऑइडिस ‘पी’ने लालसर होते, लेकानोरा एक्स्पॅलेन्स ‘सी’ने केशरी होते आणि लेप्रारिया इन्काना अतिनील प्रकाशात निळसर पांढरी चमकते. ही तीन पुटे एकाच नावाने नोंदली तर हवेचा हिशेबच चुकतो. आपल्याकडे हाच प्रश्न दगडफुलाच्या व्यापारात आहे. पानांसारखी शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. पोत्यांनी गोळा होणाऱ्या मालात कोणत्या जाती किती आहेत हे कळले नाही, तर कोणती संपत चालली आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

म्हणून शैवाकाच्या नमुन्यावर ‘पार्मोट्रेमा टिंक्टोरम’ एवढेच लिहिणे अपुरे ठरते. त्याखाली ‘इसिडिया आहेत, कडेला केस नाहीत, गाभा: के नाही, सी लाल, पी नाही’ ही ओळ असली, की ते नाव दुसऱ्याला तपासता येते, आणि गरज पडली तर खोडताही येते. जाती फुटतात, कुळे बदलतात, डीएनए जुने निर्णय उलटवतो, पण त्या ओळीतले निरीक्षण जसेच्या तसे उपयोगी राहते. शंभर वर्षांपूर्वीच्या संग्रहातले नमुने आजही नव्या नावांखाली बसवता येतात ते अशाच नोंदींच्या आधारावर. कारणासकट दिलेले नाव चुकले तरी ज्ञानात भर घालते. कारणाविना दिलेले नाव बरोबर असले, तरी ते बरोबर आहे हे दुसऱ्या कोणाला कळण्याची सोय नसते.